मावशींचे नाव काय?

जिंतूरकडच्या एका खेड्यातून सत्तरीची एक आजी आमच्या वॉर्डात आली होती. हगवण आणि उलट्यांनी पार सुकून गेलेली, डोळे खोल गेलेले. चार दिवस ती आमच्याकडे होती. सलाईन आम्ही लावले, औषधे आम्ही दिली, बीपी आम्ही लिहिले. पण रात्री-बेरात्री तिचे अंथरूण बदलणे, भांडे देणे, लुगडे धुऊन वाळत घालणे, फरशी पुन्हा पुन्हा पुसणे हे सगळे केले ते सफाईच्या मावशींनी. आजी बरी झाली. आठवड्याने तिचा मुलगा फडक्यात बांधून गरम हुरडा घेऊन आला. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. म्हणाला, "सिस्टर, लय उपकार झाले तुमचे. माय वाचली आमची."

आम्ही सगळ्याजणी ड्युटी रूममध्ये बसून तो हुरडा खाल्ला. मावशी बाहेर फरशी पुसत होत्या. त्यांना आत बोलवावे असे एकीच्याही मनात आले नाही. शेवटी उरलेला मूठभर हुरडा कागदावर घेऊन आमच्यातल्या एकीने दारापाशी ठेवला. मावशी म्हणाल्या, "ठेवा की बाई, माझं काय." तेव्हाही आम्हाला काही वाटले नाही.

वाटले ते पंधरा दिवसांनी. आजी तपासणीला आली, आमच्या टेबलासमोरून पुढे गेली आणि मावशींना शोधत सुटली. सापडल्यावर त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली, "लेकी, तुझं नाव काय ग? चार दिस माझी घाण काढली, अन् मी नावबी इचारलं न्हाई." मावशींनी नाव सांगितले. त्याच वॉर्डात आम्ही तीन वर्षे त्यांच्यासोबत काम करत होतो आणि ते नाव आम्ही पहिल्यांदा ऐकले. ड्युटीच्या कागदावर त्यांच्या जागी नुसते 'सफाई कामगार' असे लिहिलेले असे. आमच्यापैकी निम्म्याजणींच्या गळ्यात बुद्धाचे लॉकेट होते.

आता आम्ही नोकरीतून बाहेर पडून परभणी जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करतो. पण ती दुपार आम्ही विसरलेलो नाही. या पानावर आम्ही एरवी हिमोग्लोबिन, साखर, लसीकरण यांविषयी लिहितो. आज कृतज्ञतेविषयी लिहितो आहोत, कारण आमच्या मते हाही आरोग्याचाच विषय आहे. आजाऱ्याला कोण उचलतो, आणि उचलणाऱ्याला आपण काय समजतो, यावर दवाखाना चालतो आणि घरही चालते.

'उपकार' या शब्दाने आपल्या माणसांच्या अंगावर काटा येतो, आणि ते योग्यच आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी गावकीची कामे केली, मेलेले ढोर ओढले, आणि वरून कुणी शिळी भाकर टोपलीत टाकली तर तिचेही उपकार मानावे लागले. कष्ट आपले, हक्क आपला, आणि आभारही आपणच मानायचे. 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस आणि उष्टे-शिळे सोडायला सांगितले, ते या लाचारीचे मूळ उपटण्यासाठीच. म्हणून कुणी आपल्याला 'उपकाराची जाण ठेवा' म्हटले की आपले कान टवकारतात. टवकारू द्यावेत.

पण आपल्या धम्मात याहून वेगळा शब्द आहे. विहारात आपण महामंगल सुत्त म्हणतो, त्यात 'कतञ्ञुता' येते. कतञ्ञू म्हणजे आपल्यासाठी कुणी काय केले ते जाणणारा. त्याला जोडून दुसरा शब्द येतो कतवेदी, म्हणजे ती जाण कृतीतून कळू देणारा. अंगुत्तर निकायात भगवंतांनी दोन माणसे जगात दुर्मीळ सांगितली आहेत. एक पुब्बकारी, म्हणजे आपल्यावर कुणी काही केलेले नसताना स्वतः आधी चांगले करणारा. आणि दुसरा हा कतञ्ञू कतवेदी. इथे पाया पडणे नाही, वाकणे नाही. जाणणे आहे आणि करणे आहे. लाचारीत माणूस वरच्याकडे बघून हात जोडतो. कतञ्ञुतेत तो शेजारच्याकडे बघतो, आणि पुष्कळदा ज्याच्याकडे कुणीच बघत नाही त्याच्याकडे बघतो.

आम्ही परिचारिका असल्यामुळे विनयपिटकातली एक हकिकत आम्हाला फार जवळची वाटते. भगवान बुद्ध आनंदासोबत भिक्खूंची निवासस्थाने पाहत फिरत होते. एक भिक्खू हगवणीने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला दिसला. तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही, असे भगवंतांनी विचारले. त्याने सांगितले की मी इतर भिक्खूंच्या काही कामाचा नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. एकाने डोक्याकडून, एकाने पायांकडून धरून दोघांनी त्याला खाटेवर निजवले. मग भिक्खूसंघाला बोलावून सांगितले की इथे तुम्हाला आई-बाप नाहीत, तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार. आणि ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

त्या भिक्खूने कुणासाठी काही केलेले नव्हते. देण्या-घेण्याच्या वहीत त्याच्या नावावर शून्य होते. बुद्धांनी ती वहीच मिटून ठेवली. आणि त्याच प्रसंगी त्यांनी शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले, तसे आजाऱ्याचेही सांगितले. चांगल्या शुश्रूषकाला मलमूत्र, थुंकी, ओकारी यांची किळस नसावी आणि लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने त्याने सेवा करावी. आजाऱ्याने पथ्य पाळावे, प्रमाण राखावे, औषध घ्यावे, दुखणे आहे तसे खरे सांगावे, वेदना सोसण्याचा धीर धरावा. म्हणजे आजाऱ्यानेही शुश्रूषा करणाऱ्याला काही द्यायचे असते, आणि त्याला पैसा लागत नाही. टीबीच्या पेशंटने सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण केला, तर दर महिन्याला त्याच्या दारात येणाऱ्या कार्यकर्त्याचे ते सगळ्यात मोठे आभार. दारू किंवा तंबाखू किती घेतो ते डॉक्टरांना खरे सांगितले, तर तेही आभारच.

कृतज्ञता कशी व्यक्त करावी हे बाबासाहेबांकडून शिकावे. 'द बुद्धा अँड हिज धम्मा' या ग्रंथासाठी 1956 साली त्यांनी प्रस्तावना लिहिली. प्रकृती पार खालावलेली होती. आपली विझत चाललेली ज्योत टिकली ती माईसाहेब आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे, असे त्यांनी त्यात कृतज्ञतेने नोंदवले. पण ते तिथे थांबले नाहीत. हस्तलिखित पुन्हा पुन्हा टाइप करणारे नानकचंद रत्तू आणि प्रकाशचंद या दोघांची नावे त्यांनी लिहिली, आणि नुसती नावे नाहीत, पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्यातली त्यांची गावेसुद्धा लिहिली. रत्तूंनी मोबदल्याचा आणि प्रकृतीचा विचार न करता कष्ट घेतले, हे आवर्जून सांगितले. 1957 साली ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. वाचकांपर्यंत ती पुढे कित्येक वर्षांनी पोचली. राज्यघटना घडवणारा माणूस, हातात वेळ थोडा, आणि तरी टाइप करणाऱ्याचे गाव त्यांना माहीत होते. आम्हाला मात्र तीन वर्षे सोबत काम करणाऱ्या मावशींचे नाव माहीत नव्हते. आमच्या लेखी हीच आमची परीक्षा होती आणि आम्ही नापास झालो.

मोठ्या आवाजातले आभार आपण 2020 साली पाहिले. 22 मार्चला संध्याकाळी थाळ्या वाजल्या, 3 मे रोजी दवाखान्यांवर विमान-हेलिकॉप्टरमधून फुले पडली. त्याच काळात परिचारिकांना घर खाली करायला सांगितले जात होते, आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ले होत होते, इतके की 22 एप्रिलला केंद्राला त्याविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. थाळी वाजवणाऱ्यांच्या मनात खोट होती असे आम्ही म्हणत नाही. पण थाळी गच्चीवर वाजते आणि परिचारिका जिन्याने घरी येते. जिन्यात कुणी तिला "जेवलीस का?" विचारले, की कतवेदी तिथे दिसतो.

आशाताईंचेही तसेच. 2005 पासून गावोगाव आशा काम करतात. राज्यात त्या सुमारे 70 हजार आहेत. 2022 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. आणि 2024 च्या फेब्रुवारीत आपल्या राज्यातल्या आशा मानधनाच्या मागणीसाठी मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडून बसल्या होत्या. सरकारी कागदात त्या अजून 'स्वयंसेविका' आहेत. गौरव आणि मानधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली देऊन दुसरी चुकवता येत नाही. म्हणून कुणी आम्हाला म्हणते की आशा, नर्स, सफाई कामगार यांनी सेवाभाव ठेवावा, तेव्हा आम्ही विचारतो, सेवाभाव ठेवतो, पण पगार वेळेवर ठेवणार का? कृतज्ञ माणसाने या प्रश्नात आपल्या बाजूने उभे राहावे. तुमच्या गावची आशा धरणे धरून बसली असेल, तर तासभर तिच्या शेजारी सतरंजीवर जाऊन बसा. हार घालण्यापेक्षा ते अधिक मोलाचे.

आता एक कटू गोष्ट. बाळंतपणानंतर 'चहापाणी', 'खुशाली' म्हणून पैसे मागण्याची रीत काही ठिकाणी आहे. मुलगा झाला तर जास्त, मुलगी झाली तर कमी. आम्ही ज्या ठिकाणी काम केले, तिथेही हे आम्ही पाहिले आहे आणि पुष्कळदा गप्प बसलो आहोत. याला कृतज्ञता म्हणू नका. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी परत सोडणारी गाडी मोफत आहे. ते तुमच्या लेकी-सुनेच्या हक्काचे आहे. हक्काच्या गोष्टीसाठी कुणापुढे हात जोडायचे नाहीत, खिसाही उघडायचा नाही. मागितले तर लेखी तक्रार करा. पण एखाद्या मावशीने कळा देणाऱ्या पोरीच्या पाठीवरून रात्रभर हात फिरवला, तर ते कुठल्याही योजनेत लिहिलेले नसते. सेवा हक्काची आहे, त्या हातातली माया मात्र त्या माणसाची स्वतःची आहे. आभार मानायचे ते त्या मायेचे.

ते कसे मानावेत? आम्ही वस्तीच्या बैठकांमध्ये जे सांगतो तेच इथे सांगतो.

दवाखान्यात गेल्यावर सगळ्यात आधी नाव विचारा. डॉक्टरांचे पाटीवर असते. मावशींचे, वॉर्डातल्या मामांचे, रुग्णवाहिका चालवणाऱ्या भावाचे विचारा. घरी जाताना अभिप्रायाच्या वहीत ते नाव लिहा, तारखेसह, काय केले ते दोन ओळींत लिहा. वही नसेल तर साध्या कागदावर लिहून अधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. तक्रार लिहायला आपण शिकलो, ते फार चांगले झाले. कौतुकही लेखी द्यायला शिकले पाहिजे. कंत्राटावरच्या बाईजवळ तिच्या कामाचा लेखी पुरावा सहसा नसतो. तुमच्या दोन ओळी तिच्याजवळ राहतील.

दुसरे, तिचे काम वाढवू नका. जिन्याच्या कोपऱ्यात थुंकू नका. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून डब्यात टाका, संडासात टाकू नका, कारण तुंबलेले भांडे साफ करायला जी बाई येते ती बहुतेक वेळा तुमच्या-आमच्याच वस्तीतली असते. घरी इन्सुलिन घेत असाल तर सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण लावून साठवा आणि आरोग्य केंद्रात नेऊन द्या. कचरा वेचणाऱ्या हाताला टोचलेली एक सुई कावीळ ब किंवा एचआयव्ही देऊ शकते. ही दया नाही, साधी माणुसकी आहे.

तिसरे, पाणी. परभणीचा मे महिना आपल्याला ठाऊक आहे, पारा 42-43 अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात आशाताई लसीकरणाची यादी घेऊन दारात येते, घंटागाडीवरची ताई येते. तिला सावलीत बसवा आणि तांब्या-पेला पुढे करा. पेला तोच, ज्यातून आपण पितो. वेगळा पेला नको, वरून ओतणे तर नकोच. चवदार तळ्याचे पाणी ज्यांच्यासाठी बंद होते त्यांच्या घरात पाण्यावरून भेद दिसू नये. आणि बाळाचे लसीकरणाचे कार्ड हाताशी ठेवा, म्हणजे तिला त्याच घरी तिसऱ्यांदा यावे लागणार नाही.

चौथे, रक्त. ज्याच्या रक्ताने आपला माणूस वाचला त्याचे नाव आपल्याला कधीच कळत नाही. तिथे कतवेदी व्हायचे तर आपणही अनोळखी माणसाला रक्त द्यायचे. 14 एप्रिल आणि 6 डिसेंबरला आपल्या वस्त्यांमध्ये रक्तदान शिबिरे होतात, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट तर जेमतेम 5 दिवस. जयंतीला दिलेले रक्त जूनपर्यंत पुरत नाही, आणि उन्हाळ्यात सुट्ट्यांमुळे दातेही कमी होतात. म्हणून आमची सूचना अशी की वस्तीतल्या तरुणांनी वर्ष वाटून घ्यावे. कुणी रमाईंच्या स्मृतिदिनी 27 मे रोजी द्यावे, कुणी आपल्या आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, कुणी लेकराच्या वाढदिवसाला. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन किमान 12.5 असले की देता येते. पुरुषांनी 3 महिन्यांचे आणि स्त्रियांनी 4 महिन्यांचे अंतर ठेवावे. ज्या भगिनींचे हिमोग्लोबिन कमी भरते त्यांनी मन खट्टू करून घेऊ नये. आधी आपले रक्त भरून काढावे, लोहाच्या गोळ्या घ्याव्यात, जेवणात पालेभाजी आणि लिंबू असावे.

पाचवे आणि सगळ्यात अवघड ठिकाण म्हणजे आपले घर. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचे सगळे करणारी सून आम्हाला दर वस्तीत भेटते. भेटायला येणारे पाहुणे आजाऱ्याशी बोलतात, चहा पितात आणि जातात. चहा तीच करते. तिच्या कमरेचे दुखणे, तिचा बीपी कुणी तपासत नाही. तिला "तुझे उपकार फिटणार नाहीत" म्हणू नका. तिच्या जागी आठवड्यातून एक दुपार बसा आणि तिला झोपू द्या. दीर, नणंद, नवरा यांनी वार ठरवून घ्यावेत. बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला, तो त्या गेल्यानंतर, 1940 साली. आपल्या घरातल्या रमाईला तिच्या हयातीतच थोडी विश्रांती देणे आपल्या हातात आहे.

काही कार्यकर्ते मित्र आम्हाला म्हणतात, "ताई, हे पेला, नाव, वही ठीक आहे, पण याने व्यवस्था बदलते का?" त्यांचा प्रश्न खोटा नाही. एका पेल्याने कंत्राटी पद्धत जात नाही. गटारात माणूस उतरवायला बंदी करणारा कायदा 2013 साली झाला, तरी माणसे मरायची थांबलेली नाहीत. ते थांबवायला मोर्चा लागतो, कोर्ट लागते. पण आमचा अनुभव असा की ज्या बाईचे नाव वस्तीला माहीत असते, तिचा पगार थकला तर वस्ती विचारते. जिचे नाव माहीत नसते ती कामावरून गेली तरी कुणाला कळत नाही, दुसऱ्या दिवशी दुसरी मावशी येते. हक्काच्या लढाईत माणसे एकमेकांसाठी उभी राहतात ती ओळखीने, आणि ओळख नाव विचारण्यापासूनच सुरू होते.

सावित्रीमाईंनी 1897 च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या वस्तीतले आजारी लेकरू पाठीवर घेऊन दवाखाना गाठला, आणि त्याच साथीत 10 मार्चला त्या गेल्या. त्या लेकराने त्यांचे आधी काही केलेले नव्हते. पुब्बकारी म्हणतात तो असा. तेवढी ताकद आपल्यात असेल-नसेल, पण कतञ्ञू कतवेदी होणे कुणालाही जमेल.

आमच्या मावशी आता निवृत्त झाल्या. त्यांना विचारलेले नाही म्हणून त्यांचे नाव इथे छापत नाही, पण आम्हाला ते आता पाठ आहे. हुरड्याच्या दिवसांत आम्ही त्यांच्याकडे जातो. हुरडा आम्ही नेतो, चटणी त्या करतात, आणि एकाच ताटात बसून खातो. त्या दिवशी दारापाशी ठेवलेल्या कागदाची आठवण आम्ही काढली तर त्या हसतात आणि म्हणतात, "सोडा बाई आता." आम्ही मात्र सोडलेले नाही.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाल, तेव्हा कुणाचे नाव विचारले ते आम्हाला भेटल्यावर सांगा.

जयभीम, नमो बुद्धाय.